खोटा काटा, खोटी पूजा

मोह हा शब्द भरल्या पोटाच्या माणसानं काढला असावा. पोटात अन्न आहे, डोक्यावर छप्पर आहे, मग जरा जास्तीचं काही दिसलं की त्याला मोह होतो. आपल्या आळीत मोह कमी. आपल्याकडं गरज असते, आणि गरजेच्या वाटेवर कुणीतरी आधीच पाय पसरून बसलेला असतो. तो म्हणतो, जा की पुढं, फक्त एकदा वाक.

मराठी बायबलात प्रभूच्या प्रार्थनेत 'मोह' नाही. तिथं 'परीक्षा' हा शब्द आहे. ज्यानं कुणी तो घातला त्याला आपली माणसं ठाऊक असावीत असं मला वाटतं. मोह एकट्याचा असतो. परीक्षेला घेणारा लागतो. पेपर कुणी काढला, गुण कुणाच्या हातात, नापास झालो तर भाकर कुणाची जाते, हे सगळं त्या एका शब्दात येतं.

येशूची परीक्षा बघा. चाळीस दिवसांचा उपाशी माणूस. सैतान त्याच्याकडं नाचगाणं घेऊन येत नाही. पहिली गोष्ट काढतो ती भाकरीची. धोंड्यांच्या भाकरी कर म्हणतो. म्हणजे सैतानाला भूक कळते. मग त्याला मंदिराच्या टोकावर नेतो आणि उडी मार म्हणतो, देवदूत झेलतील. शेवटी सगळी राज्यं दाखवतो आणि म्हणतो, माझ्या पाया पड, हे सगळं तुझं. इथं खरा भाव कळतो. आधीचं सगळं बोलणं या एका वाकण्यासाठी चाललेलं होतं.

तर मला या लेखात एवढंच विचारायचंय, की वाकणं म्हणजे नक्की काय? हात जोडले म्हणजे पूजा झाली का? आणि नाही जोडले म्हणजे माणूस सुटला का?

मी विंझरचा. वेल्हे तालुका, ज्याला आता राजगड तालुका असं नाव दिलंय. तोरणा आणि राजगड दोन्ही याच तालुक्यात. पुण्याची पोरं शनिवार-रविवार मोटारसायकली घेऊन गड बघायला येतात, आम्ही त्यांच्याकडं बघतो. मुलूख भाताचा. इंद्रायणी, आंबेमोहोर. मी भाताच्या गिरणीत कामाला आहे. गिरणी कामगार म्हटलं की तुम्हाला मुंबईची कापडगिरणी आठवणार. ती १९८२ च्या संपानंतर बसली ती बसलीच. माझी गिरणी म्हणजे पत्र्याची शेड, एक हलर, एक पॉलिशचं मशीन, एक वजनकाटा आणि नाकातोंडात कोंडा. शाळा दहावीपर्यंत. पुढचं जे काही आहे ते रद्दीच्या गठ्ठ्यातनं आणि बायबलातनं वाचलेलं.

आमचं घर ख्रिस्ती. १८९३ साली चार्ल्स रीव्ह यांनी पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन काढलं, त्या मिशनचं एक ठाणं नसरापूरला होतं. तेव्हा हा सगळा मुलूख भोर संस्थानचा. मिशनचे लोक पायी, टांग्यानं खेड्याखेड्यात हिंडायचे. माझ्या पणज्यानं त्यांच्या हातचं पाणी प्यायलं, त्यांनी पणज्याच्या हातचं प्यायलं, आणि पणज्यानं बाप्तिस्मा घेतला. धर्मशास्त्र त्याला कितपत कळलं देव जाणे. पाणी कळलं.

हे मासिक वाचणारे तुम्ही बहुतेक बौद्ध. तुम्ही म्हणाल, हे ख्रिस्ती गाऱ्हाणं आमच्यापुढं कशाला? कारण बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातल्या अगदी पहिल्या पूजा न करण्याच्या आहेत. म्हणजे हा प्रश्न तुमच्याही दारात आहे. कोपऱ्यातली मरीआई किती घरांतनं खरंच गेली, ते तुमचं तुम्हाला माहीत.

आता गिरणीतली गोष्ट सांगतो. खंडेनवमीला आमच्याकडं यंत्रांची पूजा असते. हलरला हार, मोटारीला हळदकुंकू, काट्यावर नारळ. मालक एकेकाला पुढं बोलावतो. आपापल्या यंत्राला कुंकू लावायचं, हात जोडायचे, आणि ताटातलं बोनसचं पाकीट उचलायचं. कुंकू आणि पाकीट एकाच ताटात. मी आदल्या दिवशी यंत्र पुसतो, वंगण करतो, पट्टा बघतो. पूजेच्या वेळी कडेला उभा राहतो, टोपी काढतो. हात जोडत नाही.

मालक म्हणाला, "हात जोडायला काय पैसं पडत्यात का रं?"

मी म्हणालो, "न्हाय मालक. पण मग तुम्ही त्याचे पैसे का देताय?"

पाकीट मला दिवाळीनंतर मिळालं. बाकीच्यांपेक्षा हलकं होतं.

घरी आलो तर चुलता म्हणाला, पोरा, देव मन बघतो. हात जोडले असतेस आणि मनात येशूचं नाव घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं? चुलत्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. बायबलातच त्याला आधार आहे. अरामच्या सैन्याचा सेनापती नामान अलीशाकडं येतो, कोडातनं बरा होतो आणि म्हणतो, आता मी दुसऱ्या देवाला मानणार नाही. पण एक अडचण आहे. माझा राजा रिम्मोनच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, तो वाकला की मला वाकावं लागतं. एवढ्याची क्षमा असावी. अलीशा त्याला शिव्या देत नाही. शांतीनं जा म्हणतो.

पण त्याच बायबलात शद्रख, मेशख आणि अबेदनगो आहेत. नबुखद्नेस्सर राजानं सोन्याचा पुतळा उभा केला. वाद्यं वाजली की सगळ्यांनी पालथं पडायचं, नाही पडलं तर भट्टीत. हे तिघं सरकारी हुद्द्यावरची माणसं. मनात आपला देव ठेवून पालथं पडणं त्यांना जमलं नसतं काय? ते उभे राहिले.

एकाला माफी, दुसऱ्यांना भट्टी. हे कोडं मी पोती उचलताना बरेच दिवस डोक्यात फिरवलं. मला जे सापडलं ते असं. नामानच्या वाकण्यावर कुणी अट घातलेली नाही. तो वाकतो कारण त्याच्या हातावर एक माणूस टेकलेला आहे. त्या तिघांचं वाकणं हीच अट आहे. नबुखद्नेस्सरला त्यांच्या मनात काय आहे याच्याशी देणंघेणं नाही. त्याला बघायचंय की माझं वाजंत्री वाजलं की कोण कोण आडवं पडतं. म्हणून मी म्हणतो, ज्या वाकण्यावर भाकर टांगलेली असते, ती पूजाच आहे, मनात काही का असेना. आणि ती पूजा मूर्तीची नसते. भाकर टांगणाऱ्याची असते. दगडाला, लोखंडाला आपलं वाकणं नको असतं. हलरला वंगण पाहिजे, कुंकू नको.

पोस्टातली बाई दिवाळीचा लाडू देते तेव्हा मी तो खातो. शेजारच्या पोराच्या लग्नात अक्षता टाकतो. तिथं कुणी माझा पगार हातात धरून उभं नाही.

इथवर आलो आणि मला बरं वाटलं. पण लेख इथं संपवला असता तर तो अर्धाच झाला असता. कारण आमच्या गिरणीत खरी खोटी पूजा खंडेनवमीला होत नाही. ती उरलेले दिवस चालते.

ज्या काट्यावर नारळ फुटतो तोच काटा दुसऱ्या दिवशी पोत्यामागं किलो-दीड किलो खातो. वरनं घट म्हणून कापतात ते वेगळंच. कणी, कोंडा गिरणीचा. शेतकरी बाई उन्हात उभी. तिला आकडा दिसतो, पण आकड्याच्या आत काय आहे ते दिसत नाही. काट्याला काल हळद वाहिली, आज त्याला खोटं बोलायला लावलं. मग त्या काट्याला देव कोण मानतंय? मालकही नाही. मूर्तीचा अपमान जर कुणी करत असेल तर तो हात जोडून पूजा करणारा मालकच करतो.

आमोस नावाचा संदेष्टा होता. गुरं राखणारा, उंबराच्या झाडांची मशागत करणारा मजूर माणूस. तो इस्राएलाच्या श्रीमंतांवर बरसला. त्याची तक्रार काय होती? हे लोक सण कधी संपतो याची वाट बघतात, म्हणजे धान्याचं दुकान उघडता येईल, माप लहान करता येईल, काटा खोटा लावता येईल, आणि एका पायतणाच्या जोडासाठी गरीब माणूस विकत घेता येईल. लक्षात घ्या, ही माणसं परक्या देवाच्या पाया पडण्यासाठी सण संपवत नव्हती. सण खऱ्या देवाचाच होता. भजनंही त्याचीच. तरी आमोस म्हणतो, तुमच्या भजनाचा गोंगाट देवाला नको झालाय. म्हणजे खऱ्या देवाचीही खोटी पूजा होते. पौल तर कलस्सैच्या मंडळीला लिहिताना लोभालाच मूर्तिपूजा म्हणतो.

मला मालकानं काट्यावर बसायला सांगितलं होतं. हमालीपेक्षा दिवसाला शंभर रुपये जास्त. पाठ वाचणार, सावली मिळणार. मी नाही म्हणालो. पोती उचलीन, काटा धरणार नाही.

दोस्तहो, आता खरी अडचण सुरू होते. मी नाही म्हणालो, माझा हात स्वच्छ राहिला. पण बाईच्या पोत्यातलं दीड किलो कुठं गेलं? ते गेलंच. माझ्या जागी दुसरा पोरगा बसला. माझी पवित्रता झाली आणि तिचा भात गेला तो गेला. मग ही पवित्रता कसली? हिला आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे. सोवळं.

सोवळ्याची गंमत अशी की ते नेहमी दुसऱ्याच्या खर्चानं पाळलं जातं. सोवळं म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि आपल्या तोंडचा धागा बाकीच्यांना चालत नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं आणला. मजूर मजुराबरोबर संप करत होता आणि धाग्याला शिवू देत नव्हता. त्याच्या देव्हाऱ्यात कुठला देव होता ते सोडा. त्याचा खरा देव त्याचं तोंड होतं, स्वतःचं स्वच्छ तोंड.

आम्हा ख्रिस्ती लोकांत हे सोवळं दुसऱ्या वाटेनं घरात आलं. सिनेमा बघत नाही, तंबाखू खात नाही, प्रसाद घेत नाही, जत्रेला जात नाही. नकारांची यादी पाठ. यादी पूर्ण झाली की माणूस देवळातनं हलक्या अंगानं बाहेर पडतो. (आम्ही चर्चलाही देऊळच म्हणतो.) परीक्षेत पास झालो असं त्याला वाटतं. पण येशूनं ज्या गोष्टीत एक पुरोहित आणि एक लेवी रस्त्यावर पडलेल्या माणसाला वळसा घालून गेले म्हणून सांगितलं, त्या दोघांनीही काही केलं नव्हतं. त्यांनी फक्त हात स्वच्छ ठेवले होते.

म्हणून मी आमच्या आळीतल्या आणि वरच्या वाडीतल्या बायांना सांगायला लागलो. वैधमापनवाल्यांचा दरवर्षी काट्यावर शिक्का असतो, तो बघायला मागा. घरून एक पोतं मोजून आणा आणि गिरणीत पुन्हा मोजा. दोघीतिघींनी तसं केलं. मालकानं माझ्याकडं कसं बघितलं ते मी इथं लिहीत नाही. काटा सध्या बरा आहे. किती दिवस राहील सांगता येत नाही, आणि माझी नोकरी किती दिवस राहील तेही सांगता येत नाही. पण नकाराला वजन असतं की नाही ते असंच कळतं: दुसऱ्याच्या पोत्यात काही पडलं का?

हाच काटा घेऊन आता ताटातल्या मटणाकडं येतो.

भोरवरनं मांढरदेवला रस्ता जातो. पौषात काळूबाईची जत्रा असते, आमच्याकडची गाड्या भरभरून माणसं जातात. बोकड पडतो, आणि दुसऱ्या दिवशी शेजारची मावशी झाकलेलं ताट घेऊन दारात उभी राहते. जुन्या मिशनऱ्यांची शिकवण सरळ होती. मूर्तीपुढचं खायचं नाही, ताट परत करायचं. पण परत केलेलं ताट म्हणजे काय हे त्या साहेबांना कळण्याजोगं नव्हतं. त्यांचं ताट कुणी कधी परत केलं नव्हतं. आपण १९२७ साली महाडला तळ्यावर पाण्यासाठी गेलेली माणसं. दुसऱ्याच्या हातचं नाकारणं हे आपल्याला धर्माचं काम वाटत नाही. त्याची चव आपण पिढ्यान् पिढ्या चाखली आहे.

मी मावशीला म्हणालो, "मावशे, आमच्यात चालत नाही म्हणत्यात."

ती म्हणाली, "खा की रं. देवी काय ताटातनं उडी मारून तुझ्या अंगात येती व्हय?"

मावशीनं पौलाचं अर्धं पत्र एका वाक्यात सांगितलं. करिंथ शहरातही हाच वाद होता. देवळात कापलेलं मटण बाजारात यायचं, ते ख्रिस्ती माणसानं खावं का? पौल म्हणतो, मूर्ती म्हणजे काही नव्हे, मटण म्हणजे मटण. पण मंडळीत कुणी असा असेल की ज्याला अजून त्या देवाची भीती आहे, आणि तुला खाताना बघून तो घाबरत घाबरत खाणार असेल, तर त्याच्यासाठी तू खाऊ नकोस. तुझ्या ज्ञानानं त्याचा जीव जायला नको.

माझ्या आजीच्या अंगात तरणेपणी देवी यायची. ते सुटायला तिला किती वर्षं लागली ते तिलाच ठाऊक. अजून हलगी वाजली की तिचे हात थरथरतात. म्हणून मी मावशीच्या घरी, तिच्या चुलीपाशी बसून खातो. आजीसमोर खात नाही. हा दुटप्पीपणा आहे का? मला नाही वाटत. दोन्ही ठिकाणी मी माणूसच बघतो. देवीच्या भीतीचं काय असतं ते मांढरदेवच्या वाटेवर २५ जानेवारी २००५ ला सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. चेंगराचेंगरीत जवळजवळ तीनशे माणसं मेली. त्यांना अडाणी म्हणून हसणारे पुष्कळ निघाले. मी हसणार नाही. ती माझ्या आजीच्याच जातकुळीची माणसं होती, नवस फेडायला निघालेली, म्हणजे कुणाचं तरी दुखणं डोक्यावर घेऊन निघालेली.

आणि हसायला आम्हा ख्रिस्ती लोकांना तोंड कुठं आहे? काळूबाईचा अंगारा सोडला आणि पास्टरच्या तेलाची बाटली घेतली, तर फक्त दुकान बदललं. तेलानं कॅन्सर बरा होतो, रुमालानं नोकरी लागते, देणगी दिली की दुप्पट मिळतं, असं सांगणारे आता मोबाईलवर रात्रंदिवस दिसतात. हे सगळं मंदिराच्या टोकावरनं उडी मारणंच आहे. येशूनं जी उडी नाकारली ती हे तिकीट लावून मारतात.

मोशेनं रानात पितळेचा साप केला होता. ज्याला साप चावला त्यानं त्याच्याकडं बघितलं की तो वाचायचा. म्हणजे चांगली वस्तू, देवाच्याच सांगण्यावरनं केलेली. पुढं कित्येक पिढ्यांनी लोक त्याच सापाला धूप जाळायला लागले. हिज्कीया राजानं तो फोडून टाकला. मला ही गोष्ट फार धाडसाची वाटते. वाईट मूर्ती कुणीही फोडील. ज्यानं आपल्याला वाचवलं त्याचीच मूर्ती झाली, तर ती कोण फोडणार?

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी बजावलं, की धर्मात भक्ती मोक्षाला नेत असेल, पण राजकारणात भक्ती अधोगतीला आणि हुकूमशाहीला नेते. हे सांगणाऱ्या माणसाच्या फोटोला आपण उदबत्ती लावतो आणि पुस्तकाला धूळ. डी. जे. चा आवाज जितका मोठा तितकी आपल्याला निष्ठा मोठी वाटते. राग मानू नका. मी माझ्या घरातला साप आधी दाखवला, मग तुमच्या घरातला.

आमच्या घरातला आणखी एक साप बाबासाहेबांनीच दाखवून ठेवलाय. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर त्यांनी लिहिलं, ते लेखन महाराष्ट्र सरकारनं १९८९ साली त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात छापलं. त्यांचा सवाल साधा होता. धर्म बदलल्यानं तुझी जात सुटली का? आणि नसेल सुटली, तर अन्यायाविरुद्धच्या लढ्यात तू कुठं दिसत का नाहीस? याला आम्ही आजवर नीट उत्तर दिलेलं नाही. लग्न जुळवताना आमच्या देवळात मूळ जात विचारतात. मिशनच्या बंगल्याला, पगाराला, साहेबाच्या शिफारशीला आम्ही किती वर्षं हात जोडले त्याची मोजदाद नाही. म्हणूनच मला कवी नारायण वामन टिळकांची एक गोष्ट मोठी वाटते. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, त्यासाठी आप्त गेले, जात गेली. पण १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. पहिला त्याग लोकांना आठवतो. दुसरा मला जास्त अवघड वाटतो, कारण त्यात ख्रिस्तासाठी ख्रिस्ती पगार सोडायचा होता.

आता शेवटची परीक्षा. ती माझी नाही. माझ्या धाकट्या बहिणीची आहे.

तिला नर्सिंगला जायचंय. फॉर्म आणलाय. त्यात धर्माचा रकाना आहे आणि जातीचा रकाना आहे. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदानं सांगितलं, की हिंदू नसेल तो अनुसूचित जातीचा नाही. १९५६ साली शीख बांधव त्यात घेतले. बौद्धांना १९९० साली घेतलं, धर्मांतराला चौतीस वर्षं झाल्यावर. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगानं ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. अट काढली गेली नाही. अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती नाही, त्या प्रवर्गाची राखीव जागा नाही. गावात कुणी जातीवरनं मारलं तर अॅट्रॉसिटीचा कायदाही हात वर करतो, कारण कागदावर आम्हाला जात नाही. गावाला हा कागद अजून कुणी वाचून दाखवलेला नाही. गाव आम्हाला जुन्याच नावानं ओळखतं.

मग लोक सल्ला देतात. शाळेच्या जुन्या दाखल्यावर हिंदू आहे ना? मग तेच लाव. बाप्तिस्म्याच्या वहीचं नाव काढू नकोस. हा सल्ला देणाऱ्यांत एक पाळकही होते. तेच पाळक गणपतीचा मोदक खाल्ला म्हणून पोरांना देवळात उभं करतात. मोदकात मूर्तिपूजा दिसते, दाखल्यात दिसत नाही. तिकडं सर्वोच्च न्यायालयानं २६ नोव्हेंबर २०२४ ला एका ख्रिस्ती बाईच्या खटल्यात सांगितलं, की विश्वास नसताना फक्त आरक्षणासाठी हिंदू म्हणवून घेणं ही संविधानाची फसवणूक आहे. ठीक. पण ज्या कायद्यानं एकाच आळीतल्या दोन घरांना देव बघून वेगवेगळं माप लावलं, त्या काट्यावर शिक्का कुणाचा?

माझ्याच नियमानं बोलायचं तर हा फॉर्म म्हणजे नबुखद्नेस्सरचा पुतळा आहे. एक शब्द लिही आणि भाकर घे. भाकर टांगलेली आहे, म्हणजे ही पूजा आहे. मी स्वतः तो शब्द लिहिणार नाही. पण मी हे बोललो तेव्हा बहीण म्हणाली, "दादा, तुझा त्यो आमोस फी भरतोय व्हय?"

तिच्या या सवालापुढं माझं पाठांतर चालत नाही. येशूनं रानात स्वतःच्या भुकेसाठी धोंड्यांच्या भाकरी केल्या नाहीत. पण समोर पाच हजार माणसं भुकेली बसली तेव्हा त्यानं त्यांना सोवळं शिकवलं नाही. भाकर मोडून वाटली. स्वतःची भाकर नाकारायचा हक्क मला आहे. बहिणीची भाकर नाकारून मी पवित्र झालो, तर ते पुन्हा सोवळंच, तिच्या खर्चानं. म्हणून मी तिला हिंदू लिही म्हणणार नाही आणि ख्रिस्ती लिही असा हुकूमही करणार नाही. खोट्याला मी खरं म्हणणार नाही. पण पाप मोजायला बसलोच, तर आधी ज्यानं अट घातली त्याचं मोजीन, मग तिचं. तिनं कोरा ठेवलेला रकाना तिचा आहे. हमालीचे जादा फेरे घेऊन पहिल्या वर्षाच्या फीचे जमतील तेवढे पैसे मी बाजूला टाकतोय, म्हणजे ती जे लिहील ते भुकेनं लिहिलेलं नसेल. माझ्या हातात एवढंच आहे.

बाकीचं तुमच्याही हातात आहे. तुमच्यातले काहीजण म्हणतात, ख्रिस्ती आत आले तर आमचा वाटा कमी होईल. ही भीती मला कळते. पण ही तीच भाकर आहे, टांगलेली. टांगणारा वर बसून बघतोय, की खालची माणसं एकमेकांच्या अंगावर पाय देऊन किती उंच उडी मारतात. तुम्ही चौतीस वर्षं दाराबाहेर उभे होतात. आत गेल्यावर दाराला कडी कोण घालतंय तेवढं बघा.

फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली आहे. तुमच्या घरात हा फॉर्म आला असता तर तुम्ही काय केलं असतं, ते पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा. उपदेश नको. केलेलं लिहा.